सरांच्या गाडीचं टायमिंग

मी वाचायला शिकले ती सरांच्या पत्रकांवर. आमचे वडील खुटबावहून यवतच्या बाजाराला जात आणि येताना पिशवीत मेथीच्या जुडीबरोबर एखादं पिवळं नाहीतर गुलाबी पत्रक आणत. वर जाड अक्षरांत दोनच शब्द असत : कारण शोधा. खाली अंगात येणाऱ्यांबद्दल, वास्तुदोषाबद्दल, बोअरची जागा ठरवायला तळहातावर नारळ घेऊन रानात फिरणाऱ्यांबद्दल. शाळेतल्या कविता मी विसरले. 'नारळ उभा राहतो तो खालच्या पाण्यानं नाही, वरच्या मनगटानं' हे वाक्य मात्र अजून पाठ आहे.

पुढं कॉलेजात गेल्यावर मी स्वतःच सरांच्या गाडीत, पत्रकांच्या गठ्ठ्यांशेजारी बसू लागले. ज्या माणसाच्या शब्दांवर आपण वाढलो त्याच्याच गाडीत बसायला मिळावं, याहून मोठं मला तेव्हा काही हवं नव्हतं. म्हणूनच भांडगावच्या चौकात जे घडलं त्याचा हादरा माझ्या अंगातून अजून गेलेला नाही.

सरांनी शिरूरला विज्ञान शिकवलं आणि निवृत्त होऊन यवतला घर केलं. उंच, किरकोळ माणूस. हात कायम पाठीमागे. ते सगळ्यांना अहो-जाहो करत, पहिलीतल्या पोरांनाही. रस्त्यात आडव्या बसलेल्या म्हशीला "अहो, सरका जरा" म्हणताना मी त्यांना ऐकलं आहे. त्यांच्या पत्रकातली एक चूक मी दाखवली, तेव्हापासून मला ते 'संपादक' म्हणत. 'योगायोग' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "योगायोग म्हणजे शोधायचा कंटाळा केलेलं कारण," असं ते म्हणत आणि समोरच्याला तिथंच उभं करून कारण शोधायला लावत.

लग्नाला गेले की ते मांडवात घड्याळाकडे बघत बसायचे. आमच्याकडे लग्न मुहूर्तावर लागल्याचं कुणी पाहिलेलं नाही. नवरदेव पारावर असायचा, मित्र डीजेपुढं नाचत असायचे, मुहूर्त टळायचा, आणि सर उठून मोठ्यानं सांगायचे, "मंडळी, शुभ घटिका होऊन गेली. आता लागेल ते साधं लग्न. तरी टिकेल, काळजी नसावी." एकदा नवरीच्या मामानं त्यांना दंडाला धरून मांडवाबाहेर काढलं. सर बाहेर उभ्यानंच जेवले आणि त्याच मामाला म्हणाले, "जिलबी मात्र वेळेवर होती."

त्यांची गाडी जुनी, पांढरी, डिझेलवरची. टपावर भोंगा बांधलेला. चढाला लागली की कडकड वाजायची, म्हणून लोक म्हणत, "सर, आता भंगारात द्या." सर म्हणत, "गाडी जुनी आहे, ही माहिती झाली. हे कारण नव्हे." गाडीची तब्येत कशी आहे, असं कुणी विचारलं तर जास्तच चिडत. "यंत्राला तब्येत नसते. सुटे भाग असतात."

गाडीचं ॲव्हरेज काढायची त्यांची रीत ठरलेली होती. डॉक्टरकडून आणलेली रिकामी सलाइनची बाटली लिटरच्या खुणेपर्यंत डिझेलनं भरायची आणि बॉनेटच्या आत बांधायची. टाकीची नळी सोडवायची, बाटलीची जोडायची. इंजिनाकडून जादा डिझेल परत आणणारी नळीही बाटलीतच सोडायची, नाहीतर हिशेब खोटा. मग चौफुल्यावरून शिरूरच्या रस्त्याला निघायचं आणि डिझेल संपून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची. ती दर वेळी भीमेच्या पुलापलीकडे एका रसवंतीपाशी बंद पडे. रसवंतीवाले आप्पा लांबून भोंगा पाहिला की खुर्ची काढून ठेवत आणि रसात आलं टाकत. मग टाकीची नळी परत लावून, हातपंप दाबून आतली हवा काढायची, हे काम माझं. बोटांना आठवडाभर डिझेलचा वास येई. मला त्याचा अभिमान होता.

सरांच्या घरात एकच माणूस त्यांना जुमानत नसे, त्या म्हणजे काकू. खंडेनवमीला काकू ताट घेऊन बाहेर येत आणि गाडीच्या बॉनेटवर कुंकवाची पाच बोटं ओढत. सर कापसाचा बोळा घेऊन तयारच असत. आधी भाषण. यंत्र लोखंडाचं असतं, त्याला नजर लागत नाही, गंज लागतो, आणि गंजाला कुंकू चालत नाही, तेल लागतं. बोलत बोलत ते पाचही बोटं साफ पुसत. काकू ताट धरून सगळं भाषण उभ्यानं ऐकत आणि शेवटी म्हणत, "झालं? चला, चहा निवतोय." दर वर्षी हेच. मी दोनदा डोळ्यांनी पाहिलं आणि दोन्ही वेळा मला काकूंची कीव आली. इतक्या मोठ्या माणसाची बायको असून यांना कळत कसं नाही!

मग काकू गेल्या. सरांनी दहावं-तेरावं काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी ते बाजारात पत्रकं वाटत उभे होते. गावानं नावं ठेवली. मला ते तेव्हा डोंगराएवढे वाटले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात गाडीचा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिन आणि त्यातला डिझेल पंप एका तालात फिरवणारा पट्टा, बदलायची वेळ आली. एरवी हे काम सर स्वतः करत, पण त्यांचा खांदा आखडला होता. म्हणून गाडी भांडगावला दत्ताकडे दिली. दत्तानं चौकात नुकतंच गॅरेज टाकलं होतं. पोरगा कष्टाळू. शटरवर मात्र दर शनिवारी ताजं लिंबू-मिरची. गाडी आणायला गेल्यावर सर त्या लिंबाकडे इतका वेळ बघत राहिले की दत्ता म्हणाला, "सर, सरबत पायजेल का?"

आणि मग गाडी बिघडली. बिघडली तीही उलट्या तऱ्हेनं. आवाज गोड झाला. कडकड गेली. लोक म्हणू लागले, दत्तानं गाडी नवी केली. सर मात्र कान टवकारून बसत. "संपादक, ही शांत झालीय. मला हे आवडत नाही." सकाळी चालू केली की पांढरा धूर निघे, डोळे चुरचुरत. चढाला दम राहिला नाही. बाटली बांधून निघालो, तर गाडी पुलाच्या अलीकडेच बंद पडली. पलीकडे आप्पा खुर्ची घेऊन उभे होते. त्यांनी तिथूनच हात हलवून विचारलं, काय झालं? सरांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं. मी त्यांना इतकं ओशाळलेलं कधी पाहिलं नव्हतं.

सर एकेक कारण खोडत गेले. हवेचा फिल्टर बदलला. डिझेलचा फिल्टर बदलला. चाकं उचलून हातानं फिरवली, ब्रेक चिकटत नव्हते. डिझेल दुसऱ्या पंपावरून घेतलं. नोझल शिरूरला चाचांकडे तपासली. चाचा म्हणजे इंजिनांचे डिझेल पंप दुरुस्त करणारे म्हातारे मिस्त्री. चारी फवारे बारीक, सारखे. प्रत्येक तपासणीनंतर बाटली, आणि प्रत्येक वेळी पुलाच्या अलीकडे.

"उरलं एकच," सर म्हणाले. "टायमिंग."

त्यांनी मला ते झोक्यावर समजावलं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत नेमक्या क्षणी डिझेलचा फवारा सुटावा लागतो. झोका आपल्याकडे येऊन परत फिरला की त्याच क्षणी ढकलायचा. उशिरा ढकललात तर जोर लागतो, झोका मात्र चढत नाही. फवारा उशिरा सुटला की असंच. डिझेल जळतं, गाडी ओढत नाही, आणि वर आवाज गोड येतो.

"आणि टायमिंगला," सर म्हणाले, "एकाच माणसाचा हात लागलाय."

आम्ही दत्ताकडे गेलो. दत्ता म्हणाला, "सर, म्या खूण बगूनच बेल्ट चढवलाय. खुणेला खूण लावली."

"लिंबाच्या भरवशावर शटर उघडणाऱ्यानं मला खुणा सांगू नयेत," सर म्हणाले.

"लिंबू शटरला हाय, सर. पाना माझ्या हातात हाय."

सर तिथून निघाले आणि त्याच आठवड्यात गुलाबी पत्रक निघालं. मथळा : 'लिंबू-मिरचीचं टायमिंग'. दत्ताचं नाव नव्हतं, पण चौक होता, शटरचा रंग होता, शनिवार होता. पत्रक फार चांगलं लिहिलं होतं. लोक पोट धरून हसले. कुणीतरी ते मोबाइलवर वाचून व्हिडिओ केला. कारखान्यांचा हंगाम तोंडावर आलेला, ट्रॅक्टरवाले दुरुस्तीला निघायचे दिवस, आणि दत्ताच्या दारात एक ट्रॅक्टर नाही. ज्याला त्याला तो टोमणा. "काय दत्ता, आज मिरच्या किती टाइट केल्या?" दत्ता दुपारी शटर अर्धं ओढून आत बसू लागला. त्याच्या आईनं एकदा यवतच्या स्टँडवर मला गाठलं. म्हणाली, "बाई, आसंच राहिलं तर गॅरेज मोडून पोरगं कुरकुंबला कंपनीत हेल्पर लागंल. त्यानं तुमचं काय केलं व्हतं?" मी तिला सांगितलं की प्रश्न माणसाचा नाही, विचाराचा आहे.

शेवटी दत्तानंच आव्हान दिलं. "चार माणसांत झाकण खोला. माझी चूक निघाली तर म्या शटर लावतो. न्हाई निघाली तर सरांनी माईकवर बोलायचं."

सरांना ते फार आवडलं. पुरावा चार माणसांसमोरच उघडायचा, हेच ते जन्मभर सांगत आले होते. खोलायला दोघांना चालणारे चाचा शिरूरहून आले. बाजारचा दिवस होता. चौकात गाडी, टपावर भोंगा, भोवती माणसं. मोबाइल वर धरलेले. पत्रकांचा गठ्ठा माझ्या काखेत. दत्ता एका टायरवर खाली मान घालून बसला होता, आणि त्याची आई लांब औषधांच्या दुकानाच्या पायरीवर.

चाचांनी टायमिंगचं झाकण काढलं, पुली सावकाश फिरवल्या, चष्मा कपाळावर चढवून डोकं आत घातलं. "बाकी सब बराबर हाय," ते म्हणाले. "डिझेल पंपाची पुली एक दाता मागं हाय."

गलका झाला. एक दाता म्हणजे फवारा उशिरा. सर बरोबर होते. मी आनंदानं ओरडलेच.

चाचा अजून आतच बघत होते. फडक्यानं पुली पुसत म्हणाले, "कंपनीची खूण तर हितं हाय, काळी पडलेली. आन् पलीकडच्या दात्यावर ह्यो लाल टिपका. दत्ता, तू ह्योच धरला का?"

"व्हय, चाचा," दत्ता उभा राहिला. "आदीच्या मिस्त्रीनं पेंट लावून ठिवलाय म्हणून तोच धरला. आपुन समदे लावतोच की पेंट."

चाचांनी नखानं टिपका खरवडला, बोटांत चुरला, नाकाशी नेला. "पेंट न्हाई ह्यो," ते म्हणाले. "कुंकू हाय."

चौक फुटला. हसून हसून माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. "लिंबू भाईर, कुंकू आत!" "इंजिनाला टिळा लावलाय रं दत्तानं!" दत्ता ओरडत होता, "म्या न्हाई लावला! आदीच व्हता!" कोण ऐकतंय. ज्याच्या शटरला लिंबू, त्याचंच कुंकू. मलाही यात तिळमात्र शंका नव्हती. पायरीवर त्याच्या आईनं पदर तोंडाला लावला. मी माईक सरांच्या हातात दिला. इतका स्वच्छ विजय मी कधी पाहिला नव्हता. आता ते काय बोलतील, हे मी मनात जुळवतही होते.

सर माईक धरून उभे राहिले. भोंग्यातून नुसती घरघर.

"तो टिळा मी लावला," सर म्हणाले.

लोकांना वाटलं सर गंमत करताहेत. आणखी हशा झाला. सरांनी तो ओसरू दिला.

"मंडळी, हसू नका. गेल्या खंडेनवमीला मी स्वतः झाकण काढून पुलीला कुंकू लावलं आणि झाकण परत बसवलं. दत्तांनी ते खूण समजून धरलं, कुठल्याही मिस्त्रीनं धरलं असतं. गाडीचं टायमिंग चुकलं त्याचं कारण मी आहे. पत्रक खोटं आहे. मी त्यांची माफी मागतो."

माझ्या काखेतला गठ्ठा खाली पडला. वारा होता, गुलाबी कागद भाज्यांच्या पालांवरून उडत गेले आणि ते गोळा करावेत असं मला वाटलंच नाही. हाच तो माणूस! ज्याच्या वाक्यांवर मी माझ्या आजीशी भांडले, घरातला सत्यनारायण बंद पाडला, मैत्रिणी तोडल्या, तो माणूस झाकण लावून आत इंजिनाला कुंकू लावतो? आणि दुसरा धक्का त्याहून मोठा होता. हे कुणालाच कळणार नव्हतं. टिळा दत्ताच्या नावावर चढलेला होता, चौक जिंकलेला होता, आणि त्यांनी माईकवर, मोबाइलच्या समोर, स्वतःला उघडं केलं. यातल्या कोणत्या सरांवर रागवावं हे मला कळेना.

चौक पांगल्यावर गाडी दत्ताच्या गॅरेजमध्ये ढकलली. चाचा बेल्ट उतरवू लागले. मग मीच सुटले.

"सर, तुम्ही आम्हाला फसवलंत."

"हो," सर म्हणाले.

"का? कारण सांगा. दुसऱ्यांना विचारता ना रोज!"

सर टायरवर बसले, मघाशी दत्ता बसला होता तिथंच. "तुमच्या काकू गेल्या त्या वर्षी खंडेनवमीला मी बोळा घेऊन बाहेर आलो," ते म्हणाले. "सवयीनं. तर बॉनेट कोरं. पुसायला काही नव्हतं." ते थांबले. "मग आतून त्यांचा कुंकवाचा करंडा आणला. वाटलं, आपणच लावू आणि पुसू. पण बॉनेटवर लावायची लाज वाटली. झाकण काढून आत लावलं, तेलात कालवून. आणि पुसता येईना. बोळा हातात होता, तरी येईना. वाटलं, जाईल तेलात विरून."

चाचांनी पाना खाली ठेवला. शटरबाहेर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, तो वाजतच राहिला.

दत्ताचा राग गेला नव्हता. जायला नकोच होता. "सर, तुमचं दुःख खरं हाय," तो म्हणाला. "पर तुमचं झाकणाच्या आत, आन् माझं शटरच्या भाईर. एवढाच फरक व्हता. मंग पत्रक माझंच का निघालं?"



बेल्ट चढवताना दत्तानं फडकं उचललं. "ह्ये पुसू का?"

"तुमची खूण पांढऱ्या रंगानं करा. ठळक," सर म्हणाले. "आणि ते..." दत्तानं कंपनीच्या खुणेवर पांढरा टिपका दिला आणि लाल तसाच ठेवून झाकण आवळलं. गाडी चालू केली, तर जुनी कडकड परत आली. सरांनी डोळे मिटून ती ऐकली.

त्या प्रकरणानंतर सरांबरोबर पत्रकं वाटणाऱ्या आमच्यातले बरेच जण त्यांना सोडून गेले. एकानं तर त्यांच्याविरुद्ध पत्रक काढलं, तेही 'कारण शोधा' याच मथळ्याचं. मीही कित्येक दिवस त्यांच्याकडे गेले नाही. सरांनी नवं पत्रक छापलं. पांढऱ्या कागदावर, कारण रंगीत कागद लोक करमणुकीसाठी घेतात असं त्यांचं म्हणणं. 'कारण सापडलं. कारण मी.' पहिलं पत्रक जिथं जिथं वाटलं तिथं तिथं जाऊन त्यांनी ते एकट्यानं वाटलं. पण टवाळी जितकी धावते तितकी माफी धावत नाही. पत्रकं काढणाऱ्या प्रत्येकानं हे छापण्याआधी भिंतीवर लिहून ठेवावं. लोक पांढरं पत्रक न वाचता त्यात भजी बांधत. हे कळलं तेव्हा सर दर बाजारी गाडी घेऊन भांडगावला जाऊ लागले. दत्ताच्या दारात भोंग्यासकट गाडी उभी करायची, बॉनेट उघडायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचं, "माझं काम इथंच होतं." तेल बदलायचं नसलं तरी बदलून घ्यायचे. दत्ता चिडायचा, "सर, परवाच टाकलंय की ऑइल!" पण ट्रॅक्टरवाले थांबू लागले, आधी गंमत बघायला, मग कामाला. हंगाम निम्मा गेला होता. गॅरेज मात्र राहिलं.

पुढच्या खंडेनवमीला मी भांडगावातून चालले होते, तर दत्ताच्या गॅरेजसमोर सरांची गाडी धुऊन उभी. मी थांबले. आत जायचा धीर होत नव्हता. दत्ताची आई ताट घेऊन उभी होती. सर पाठीमागे हात बांधून बाजूला, आणि त्या हातात कापसाचा बोळा. दत्तानं आईच्या हातून ताट घेतलं, कुंकू कालवलं, चार माणसांच्या देखत पुढं झाला आणि पांढऱ्या बॉनेटवर लालभडक पाच बोटं ओढली.

मला वाटलं, आता सर हात जोडणार. मी डोळे मिटून घेणार होते.

"दत्ता," सर कडाडले, "यंत्र लोखंडाचं असतं. त्याला नजर लागत नाही, गंज लागतो!" आणि ते पुसायला लागले. तेच भाषण, काना-मात्रेचा फरक नाही. पाचही बोटं त्यांनी सावकाश, कोपरान् कोपरा साफ केली. दत्ता ताट हातात घेऊन, मान खाली घालून, सगळं भाषण उभ्यानं ऐकत होता.

संपल्यावर तो काकूंचंच वाक्य म्हणाला, सरांनीच कधीतरी सांगितलं असणार, "झालं? चला सर, चहा निवतोय."

सरांनी बोळा मुठीत दाबून खिशात ठेवला. मी रस्त्यापलीकडे उभी होते, ती तशीच उभी राहिले.